आकडा बरोबर होता

१

ओंकार दिघेला तुम्ही पाडलंत, आणि तो स्वतःच पडला असं लिहून खाली सही केलीत. सही करताना तुमचा हात थांबला नाही. खरं काय घडलं ते तुम्हाला त्या वेळी पुरतं ठाऊक होतं, हा माझा आरोप आहे. तुमच्या तोंडावर मी तो एकदा केला. तुम्ही ऐकला नाहीत, म्हणून आता चारचौघांत करते.

तुमचं नाव इथे घालत नाही. भीतीने नव्हे. नाव घातलं की लोक म्हणतात, दोघांचं काही जुनं भांडण असेल. आपली तर ओळखही नव्हती. तुम्ही देवासच्या रस्त्यावरच्या त्या प्रशिक्षण केंद्राचे सगळ्यात वरचे साहेब. मी उज्जैनच्या माधव नगरातली सुलभा मुंगी, विमा कंपनीतून निवृत्त. दाव्यांची चौकशी हे माझं काम होतं. जळालेली दुकानं, विहिरीत गेलेले ट्रॅक्टर, सडलेला माल. समोरचा कुठे खोटं बोलतो हे शोधण्यात माझी हयात गेली, आणि त्यात मला पुष्कळ शिव्याही मिळाल्या.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी हकिगत.

तुमच्या केंद्राच्या मागच्या अंगाला मानवक्षमता विभाग आहे. जवान कमी झोपेवर किती काळ शुद्धीत विचार करतो, पाठीवर किती वजन असलं की त्याचा नेम चुकायला लागतो, उन्हात त्याचं शरीर कधी हार मानतं, हे तिथे मोजतात. माझं या कामाशी भांडण नाही. उलट हे फार आधी व्हायला हवं होतं. वाळवंटात पाठवलेला पोरगा शत्रूच्या आधी उन्हाने मरू नये, यासाठीच ते आहे.

तिथे एक हीट चेंबर आहे, काचेच्या भिंतीची तापवलेली खोली. आत सरकता पट्टा. जवानाने पूर्ण सामान पाठीवर घेऊन त्यावर चालायचं. त्याच्या पोटात एक कॅप्सूल असते, आदल्या संध्याकाळी गिळलेली. ती आतलं तापमान मोजते आणि बाहेरच्या स्क्रीनवर पाठवते. आकडा एकोणचाळीसवर गेला की पट्टा बंद, माणूस बाहेर. साधा नियम.

जूनमधल्या एका सकाळी ओंकार, तुमच्या तुकडीतला जवान, त्या पट्ट्यावर कोसळला. तेव्हा स्क्रीनवर सदतीस आणि वर थोडं, म्हणजे धडधाकट माणसाचा आकडा होता. हॉस्पिटलात पोचल्यावर मोजलं तर एकेचाळीसच्या पुढे.

एकच शरीर आणि त्यात दोन आकडे. तुम्ही दुसऱ्या आकड्याचं खापर पोरावर फोडलंत. "चाचणीपूर्वी स्वतःहून निषिद्ध पावडर घेतली, इजा स्वतःच्या चुकीमुळे." त्याच्या कपाटात तसा डबा सापडला होता म्हणे.

तो डबा त्याच्या आईकडे माझ्या हाती लागला, आणि मी झाकण उघडलं.

२

वासंती दिघे आमच्या शेजारच्या गल्लीत राहते. नवरा नाही, ती शाळेत शिकवते. केंद्राने ओंकारची ट्रंक घरी पाठवली होती. त्यात कपडे, बूट, आणि बुटांच्या मधे कोंबलेला तो डबा. वरती फुगलेल्या दंडाच्या माणसाचं चित्र.

मी वास घेतला. भाजलेले चणे आणि जिरं.

"वासंती, हे काय गं?"

"सत्तू. दुसरं काय असणार? डबा शेजारच्या जिमवाल्या पोराने टाकून दिलेला. माझ्याकडे घट्ट झाकणाचं काहीच नव्हतं, म्हणून त्यात भरून दिलं."

"आणि हा पुरावा."

"पुरावा?"

"ज्याच्यावर पोराला दोषी ठरवलं तो. पुरावा असा बुटांत कोंबून कोणी परत धाडतं का? उघडूनसुद्धा पाहिला नाही कोणी. चित्र पाहिलं आणि निकाल लावून मोकळे."

वासंती हसली नाही. ती खाटेकडे बघत होती. ओंकार भिंतीला टेकून बसला होता. मूत्रपिंडांना धक्का बसलेला, हात थरथरणारे, शब्द शोधत शोधत बोलणारा. महिन्यापूर्वी हाच पोरगा माझं गॅसचं सिलेंडर एका हाताने उचलून आत ठेवायचा आणि वर म्हणायचा, मावशी, हे रिकामं आहे का भरलेलं?

"मावशी," तो म्हणाला, "मी खरंच काही घेतलं का?"

"तू सांग ना."

"मला त्या दोन दिवसांचं काही आठवत नाही. ते म्हणतात घेतलंस. एवढे शिकलेले लोक झूठ कशाला बोलतील? मीच घेतलं असेल."

हे ऐकून मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. पुढच्या सोमवारी मेडिकल बोर्ड होतं. तुमचा शेरा कायम राहिला की दलातून बाहेर, उपचार बंद, आणि कायमचा डाग. पण त्याहून वाईट हे, की पोरगा स्वतःलाच खोटारडा समजायला लागला होता. बोर्डापुढे तो मान खाली घालून हो म्हणाला असता.

"काहीच आठवत नाही? एखादी फालतू गोष्टसुद्धा?"

त्याने डोळे मिटले. "टाळूला जीभ चिकटली होती. ओढली तरी सुटत नव्हती."

"चेंबरमध्ये?"

"नाही मावशी. तिथे तर पाणी देतात, थंडगार. हे त्याच्या आधीचं. बराकीतलं. वर पंखा फिरत होता."

पंख्याखाली पडलेल्या, काहीही काम न करणाऱ्या पोराची जीभ टाळूला का चिकटते? मी बोर्डापुढे ओंकारच्या बाजूने बोलणार म्हणून अर्ज दिला आणि केंद्रात आत जायची परवानगी मिळवली.

३

डॉक्टर यशोधन मोघे या प्रयोगाचे प्रमुख. वय चाळिशीचं, आवाज मऊ. मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत तीनचार वेळा "आम्हालाही फार वाईट वाटलं" म्हणाले.

"कॅप्सूल बिघडली असेल," मी म्हटलं.

"नाही. नंतर बाहेर आल्यावर आम्ही ती कोमट पाण्यात घालून तपासली. अचूक. आकडा बरोबर होता, ताई."

"आणि हॉस्पिटलचा?"

"तोही बरोबर असेल. म्हणूनच तर बाहेरच्या पदार्थाचा संशय येतो. शरीराने एकदम उसळी घेतली."

"तो डबा सत्तूचा आहे."

ते हसले. "हे त्याची आई सांगते."

"मी खाल्ला. गूळ घालून. मला अजून तरी काही झालेलं नाही."

हसणं गेलं. त्यांनी कप बशीत ठेवला. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही हो. मी विम्याची. कॅप्सूल गिळली कधी?"

"आदल्या संध्याकाळी. नियम आहे."

"संध्याकाळीच का? सकाळी का नाही?"

अगदी साधा प्रश्न होता. माहीत नव्हतं म्हणून विचारला होता. पण इतका वेळ झरझर बोलणारे डॉक्टर इथे थांबले. खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "तांत्रिक कारण आहे. तुम्हाला समजावणं अवघड जाईल."

माझ्या कामात मी एक पाहिलं आहे. न सांगण्यासारखं काही नसतं तेव्हा माणूस समजावतो. कंटाळा येईपर्यंत समजावतो.

"त्या दिवशी एवढी घाई कसली होती?" मी उठता उठता विचारलं.

"घाई नव्हती. दिल्लीहून पाहुणे येणार होते चेंबर बघायला. ते ठरलेलंच होतं."

"मग चालता माणूस बघायचा होता त्यांना."

ते मला सोडायला निघाले. दाराशी येऊन मात्र म्हणाले, "त्या कॅप्सूल मी देत नाही. टेक्निशियन देते, निहारिका."

मी न विचारता त्यांनी एका बाईचं नाव पुढे केलं होतं.

४

निहारिका त्या दिवशी रजेवर होती. म्हणून आधी हवालदार शैलेंद्र भेटला, तुकडीचा उस्ताद, म्हणजे पोरांना शिकवणारा. मिशा पिळलेल्या, नजर जमिनीला.

"ओंकार कैसा है?" त्यानेच आधी विचारलं.

"स्वतःला चोर समजतोय."

त्याने मान हलवली. "चोर नाही बाई तो. मेरे बॅच का सबसे सीधा लड़का. उस दिन पट्टे पर चलते चलते बहकने लगा. बोला, आई, दरवाजा उघड. काचेकडे बघून बोलत होता. मैंने डॉक्टर साहब को कहा, सर, रोकिये, लड़का ठीक नहीं है."

"मग?"

"बोले, स्क्रीन देखो, शैलेंद्र. स्क्रीन पर सब ठीक. मैंने स्क्रीन देखा. बस, वही गलती की. मुझे लड़का देखना था."

"आदल्या दिवशी काय खाल्लं होतं त्याने?"

शैलेंद्रचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. "मालूम नहीं."

"तुमच्याबरोबर राहतो, तुमच्याबरोबर खातो."

"बाई, मेरी नौकरी बाकी है." एवढं बोलून तो मैदानाकडे निघून गेला. तुकडीतल्या दुसऱ्या पोरांना विचारावं म्हटलं तर तीही नव्हती. अपघातानंतर लगेच सगळ्यांना राजस्थानात पाठवून दिलं होतं. ठरलेलं होतं म्हणे. तुमच्याकडे सगळंच ठरलेलं असतं.

मग मी मेसकडे वळले. रमेश तिथला आचारी, गप्पिष्ट. पोह्यांसाठी कांदा चिरत होता.

"चाचणीच्या आदल्या दिवशी ओंकारला काय वाढलंत हो?"

"उस दिन मैं था ही नहीं, बहनजी. मक्सीला गेलो होतो, साल्याच्या पोरीचं बारसं. मस्त दाल-बाफले खाल्ले, झोप काढली. देवास गेटला उतरलो तो दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने."

"आणि सकाळी?"

"सकाळी? सकाळी तर बस, पानी ही पानी. लौंडे मटके पे ऐसे टूटे के भरते भरते मेरे हाथ रह गए. गर्मी भी तो कैसी थी इस साल."

कांद्याने माझे डोळे चुरचुरत होते. त्याचे आभार मानून मी निघाले. हातात काहीच लागलं नाही असं वाटत होतं. रमेशने मला सगळं सांगून टाकलं होतं हे कळायला मला आणखी दोन दिवस लागले.

५

निहारिका फ्रीगंजमध्ये रसाच्या दुकानाबाहेर भेटली. तीसएक वर्षांची, सासर जुन्या मराठी घरातलं. आल्या आल्या म्हणाली, "काकू, मी बसू का?"

"बस. रस घे."

"नको. आज गुरुवार आहे."

मी एकटीनेच घेतला आणि तिला बोलू दिलं.

"मी स्क्रीनसमोर होते. त्याला पाणी द्यायचं असतं ना मधे मधे, बर्फाचं. तो सारखा मागत होता. तो प्यायला की आकडा खाली यायचा. परत चढायचा, परत पाणी, परत खाली. मला बरं वाटत होतं काकू. वाटायचं, पाणी लागू पडतंय."

माझा ग्लास हातातच राहिला.

"पाण्याच्या प्रत्येक घोटाला खाली?"

"हो. लगेच."

"निहारिका, पूर्वी माझ्याकडे एक दावा आला होता. बटाट्याचा थंड ट्रक. सबंध प्रवासभर काटा चार अंश दाखवत होता, आणि दार उघडलं तर आतला माल उकडलेला. मालक म्हणे काटा बिघडला. काटा बिघडला नव्हता. ड्रायव्हरने तो थंड हवेच्या तोंडाशी बांधला होता. तो त्या हवेचं तापमान सांगत होता, बटाट्यांचं नाही. माणूस एक घोट पाणी प्यायला म्हणून सगळं शरीर लगेच थंड होत नाही. तुझी कॅप्सूल त्या पाण्यातच पडली होती. ती जठरातच राहिली होती. पुढे आतड्यांत उतरलीच नव्हती. म्हणून संध्याकाळी गिळायचा नियम, रात्रभरात ती पुढे सरकावी म्हणून. त्याने ती सकाळी गिळली. बरोबर?"

तिने तोंडावर हात धरला. रडण्याचा आवाज केला नाही.

"हे मला कोणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "नियम सांगितला, का ते नाही सांगितलं. संध्याकाळी मी कॅप्सूल घेऊन गेले तर तो म्हणाला, दीदी, आज निर्जला एकादशी आहे, कंठाखाली काही जाणार नाही. आमच्या घरीही असते हो. सासूबाई औषधसुद्धा घेत नाहीत. आता मी त्याचं व्रत कसं मोडायचं? म्हटलं, ठेव, सकाळी पारण्याला घे. आत गेली म्हणजे झालं, असं वाटलं मला."

"आणि हे कोणालाच बोलली नाहीस?"

"बोलले. सकाळी मोघे सरांना. ते म्हणाले, आत आहे ना? मग सुरू कर, पाहुणे येतायत. नंतर म्हणाले, तू गप्प राहा, नाहीतर सगळं तुझ्यावर येईल."

"बोर्डापुढे सांगशील?"

तिने पदराने डोळे टिपले. "तो मला दीदी म्हणतो, काकू. सांगते."

म्हणजे झालं. कॅप्सूल कुठे होती ते कळलं, मोघे सापडले. मी वासंतीला ही बातमी द्यायला गेले, आणि तिच्या एका वाक्याने सगळं पुन्हा उलटं झालं.

६

"उपवास?" वासंती म्हणाली. "हा?"

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

"सुलभाताई, शिवरात्रीला आख्खं उज्जैन उपाशी असतं तेव्हा हा टॉवरजवळ कचोरी खाऊन येतो. मागून विचारलं तर म्हणतो, देवाला माहीत आहे मला भूक सहन होत नाही. निर्जला तर आमच्याकडे कोणी करतच नाही. हा जूनमध्ये दिवसभर पाण्याशिवाय राहील? आपल्या मनाने? शक्यच नाही."

"मग निहारिका खोटं बोलते?"

"ते मला नाही माहीत. पण माझा पोरगा मला माहीत आहे."

मी घरी आले. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता विचार करत राहिले. निहारिका खोटं बोलत नव्हती. स्वतःच्या गळ्यात फास अडकवणारं खोटं कोणी बोलत नाही. वासंतीही बोलत नव्हती. ओंकारची जीभ पंख्याखाली टाळूला चिकटली होती, म्हणजे दिवसभर पाणी नव्हतं हे पक्कं. ज्याला भूक सहन होत नाही त्याने निर्जल उपवास केला, आणि तोही नीट, संध्याकाळपर्यंत न मोडता. तेव्हा रमेश आठवला.

आचारी मक्सीला बारशाला गेला. अहो, तुकडीभर पोरांच्या मेसचा आचारी, आणि बदली माणूस न ठेवता दिवसभर गायब? त्या दिवशी शिजवलं कोणी? आणि परत आल्यावर त्याच्या मटक्यावर पोरगे तुटून पडले. ओंकार एकटा नव्हे, सगळे. उकाडा तर त्या पंधरवड्यात रोजच होता. हात दुखेपर्यंत मटका त्याच सकाळी का भरावा लागला?

एका पोराने व्रत धरलं तर एकाचंच ताट रिकामं राहतं. सगळी चूल बंद राहते तेव्हा ते व्रत नसतं. तो हुकूम असतो. आणि मेसची चूल विझवायचा हुकूम हवालदार देऊ शकत नाही, डॉक्टरही देऊ शकत नाही. त्या आवारात तो एकच माणूस देऊ शकतो.

बाकीची पोरं वाचली, कारण चेंबरमध्ये एका दिवशी एकालाच घालतात आणि दुसऱ्या दिवशी पहिला नंबर ओंकारचा होता. तो पडल्यावर कोणाचाच नंबर आला नाही.

मग मी तुमच्या खोलीत आले, सोमवारच्या बोर्डाआधी.

७

तुम्हाला सगळं आठवत असेल. तरी सांगते, कारण आता ऐकणारे जास्त आहेत.

मोघे सोफ्यावर होते, निहारिका दाराजवळ उभी, शैलेंद्र भिंतीला सावधान. तुम्ही टेबलामागे. माझं सांगणं तुम्ही शांतपणे ऐकलंत. कॅप्सूल, बर्फाचं पाणी, बटाट्याचा ट्रक. निहारिकेने आपली चूक स्वतःच्या तोंडाने कबूल केली. एकही शब्द तिने गिळला नाही. मोघे आधी म्हणाले, मला असं कोणी सांगितलं नाही. ती म्हणाली, "सर, तुम्ही तेव्हा टाय बांधत होतात."

तुम्ही खूश दिसलात. तुमच्या हाती दोन माणसं सापडली होती. म्हणालात, "मॅडम, मोठी मदत केलीत. दोघांवर कारवाई होईल."

मी म्हटलं, "माझं अजून संपलं नाही. मेस कोणी बंद ठेवली?"

तुम्ही पेन उचललंत, परत ठेवलंत. "धार्मिक श्रद्धेचा विषय आहे. मुलांनी आपखुशीने उपवास केला. मी त्यात पडत नाही."

"शैलेंद्र," मी म्हटलं, "आपखुशीने?"

तो समोरच्या भिंतीकडेच बघत होता. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत. मीही पाहिलं. मला वाटलं, हा नाही बोलणार, आणि मी त्याला दोष दिला नसता.

"नहीं, साहब," तो म्हणाला. "फॉलिन में, सबको लाइन में खड़ा करके, आपने कहा था. जो एक दिन पानी नहीं छोड़ सकता, वो रेगिस्तान में क्या लड़ेगा. पूरा बॅच निर्जला रखेगा, परेड भी होगी. ओंकारने हाथ उठाया था. बोला, सर, मुझसे नहीं होगा. आपने उसको सबके सामने खड़ा रखा."

निहारिका म्हणाली, "अरे देवा." हळूच, स्वतःशीच.

तेव्हा मला सगळं नीट उलगडलं, साहेब. तुमच्याच आवारात, तुमच्या ऑफिसच्या मागे, एक विभाग हेच मोजत बसला आहे की पाण्याविना जवान किती लवकर कोसळतो. तिथली माहिती तुमच्या टेबलावर येते. ती न वाचता तुम्ही मनोबल वाढवायला निघालात. आधी पोरं वाळवलीत आणि मग त्यातलाच एक मोजायला पाठवलात. मोजणाऱ्यांनाही सांगितलं नाहीत की हा वाळलेला आहे. पोरगा पडला, आणि पोराने काय खाल्लं याची चौकशी तुम्ही लावलीत. त्याने काहीच खाल्लं नव्हतं हे या जगात तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं?

मी तुम्हाला म्हटलं, उपवासाबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्याला करायचा त्याने करावा. निहारिका गुरुवार करते, मनापासून करते. पण रांगेत उभं करून हुकमाने करवला तो उपवास राहत नाही. ती ड्यूटी होते. आणि ड्यूटीत झालेली इजा ही ड्यूटीवरची इजा असते, स्वतःची चूक नव्हे. म्हणूनच तुम्हाला तो सत्तूचा डबा हवा होता. झाकण उघडलं असतंत तर तो तुमच्या कामाचा राहिला नसता.

तुम्ही उठलात. "मला मीटिंग आहे," म्हणालात, आणि निघालात. दाराशी शैलेंद्रने तुम्हाला सलाम केला. तुम्ही घेतला नाहीत.

बोर्ड झालं. निहारिका बोलली, शैलेंद्र बोलला, आणि मोघे, हे मला अपेक्षित नव्हतं, पण तेही बोलले. बोर्डाने लिहिलं की मूळ शेरा ज्याने मारला त्यानेच तो बदलावा, आणि तोवर निर्णय राखून ठेवला. आता सगळं तुमच्या एका सहीवर अडलं आहे. केंद्रातून उत्तर येतं ते एकच, साहेब दौऱ्यावर आहेत.

काल ओंकार माझ्याकडे चालत आला. त्याच्या गल्लीपासून आमच्या गल्लीपर्यंत, भिंत धरत. मी त्याला सगळं सांगितलं होतं, तरी त्याने विचारलं, "मावशी, ते साहेब स्वतः म्हणाले का, की मी काही घेतलं नव्हतं?"

मी म्हटलं, अजून नाही.

"मग मला कसं कळणार?" तो म्हणाला.

त्याला माझं सांगणं पुरत नाही. त्याच्या आईचं, निहारिकेचं, शैलेंद्रचं पुरत नाही. ज्या तोंडाने त्याला रांगेसमोर उभं केलं, त्याच तोंडाकडून त्याला ऐकायचं आहे. म्हणून विचारते, आणि यात समजायला अवघड काही नाही. त्या दिवशी पाणी बंद ठेवायचा हुकूम तुम्ही दिला होता की नाही? हो, की नाही? उत्तर मला देऊ नका. पोरगा माधव नगरात आईच्या घरी आहे. तिथे जा, त्याच्यासमोर उभे राहा, आणि त्याला द्या.